हेडसेटमध्ये लागलेलं लक्ष वर्गात टिकतं का?

खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ९ वर्षांचा, गावच्या मराठी शाळेत चौथीत. बेळगावच्या डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था) असल्याचं सांगितलंय, औषधही सुचवलंय, पण घरात सासरे आणि नवरा दोघंही औषधाला तयार नाहीत. शहरातल्या एका केंद्राने डोळ्यांवर हेडसेट चढवून ‘विचारशक्ती वाढवण्याचं’ व्हीआर, म्हणजे आभासी जगातलं, प्रशिक्षण सुचवलंय. फी एकरकमी भरायची आहे, आणि भात विकला की पैसे हातात येतील. भरावेत का, असं त्या विचारतात. शेवटी त्यांनी लिहिलंय, “मोबाइल दिला की तासभर हालत नाही की, मग अभ्यासालाच काय होतंय त्याला?”

ताई, आधी थेट सांगते. आत्ता एकरकमी पैसे भरू नका. व्हीआर खोटं आहे म्हणून नाही. तुमच्या मुलाला आज ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे ते त्या हेडसेटमध्ये नाही, म्हणून. आणि जे हवंय त्यातलं बरंचसं तुमच्या घरात आणि त्याच्या शाळेत, जवळपास फुकट उभं करता येतं.

सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. एडीएचडी असलेल्या मुलाकडे लक्ष नसतं असं नाही. ते कुठे लावायचं, कुठून काढायचं आणि कंटाळा आला तरी कसं टिकवायचं, यावर त्याचा ताबा कमी असतो. मोबाइलच्या खेळात दर काही सेकंदांनी काहीतरी मिळतं: गुण, आवाज, नवा टप्पा. या मुलांना लगेच मिळणारं बक्षीस फार ओढून घेतं आणि उशिरा मिळणारं जवळजवळ पोहोचतच नाही. आजच्या पाढ्यांचं फळ सहामाहीत मिळणार हे त्याला कळतं, पण त्या कळण्याच्या जोरावर तो पाटावर बसून राहू शकत नाही. यात त्याचा हट्ट नाही आणि तुमचा लाडही नाही. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांमध्ये हे आढळतं. तुमचे सासरे म्हणत असतील की “याचा बाप पण असाच वांड होता,” तर त्यांचं निरीक्षण बरोबर असण्याची बरीच शक्यता आहे, कारण यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

आता हेडसेटकडे येऊ. त्यात दोन भिंगं आणि एक पडदा असतो, आणि मान कुठे वळली हे ओळखणारे सेन्सर असतात. मुलाने मान वळवली की चित्रही वळतं, त्यामुळे आपण खरोखर त्या जागी आहोत असं वाटतं. एडीएचडीसाठी याचा वापर नवा नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्किप रिझो यांच्या गटाने २००० च्या सुमारास एक आभासी वर्ग तयार केला. मूल बाकावर बसलेलं, समोर फळा, फळ्यावर अक्षरं येत-जात राहतात. ठरलेली जोडी दिसली तरच बटण दाबायचं. मधेच कागदाचं विमान उडतं, खिडकीबाहेरून गाडी जाते, कुणीतरी दारातून आत येतं. मुलाकडून किती वेळा बटण दाबायचं राहून गेलं, किती वेळा नको तिथे दाबलं, प्रतिसादाचा वेळ किती वर-खाली झाला आणि मान किती वेळा भरकटली, हे सगळं यंत्र मोजतं. प्रतिसादाच्या वेळेतला हा चढउतार एडीएचडीत विशेष दिसतो. म्हणून मोजमापाचं साधन म्हणून मला या गोष्टीबद्दल आदर आहे. मात्र निदान त्यावरून करत नाहीत. त्यासाठी लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. हे आई-वडील आणि शिक्षकांशी बोलूनच कळतं.

मोजणं वेगळं आणि वाढवणं वेगळं. तुम्हाला जे विकलं जातंय ते वाढवण्याचं प्रशिक्षण आहे. त्यात साधारण तीन क्षमतांवर काम होतं. ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरणं, हात शिवशिवला तरी थांबणं, आणि नियम बदलला की आपणही बदलणं. खेळ मुलाच्या कुवतीप्रमाणे अवघड होत जातो, आणि मूल त्यात खरोखर सुधारतं. प्रश्न एवढाच, की ती सुधारणा वहीपर्यंत येते का? कॅरम खेळून बोटांचा नेम सुधारतो, म्हणून अक्षर सुधारत नाही.

हा प्रश्न संशोधकांनीही बरीच वर्षं धरून ठेवला आहे. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ आणि २००५ मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांना संगणकावर स्मरणाचे व्यायाम दिले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. त्यावरून कॉगमेड नावाचा कार्यक्रम जगभर पोहोचला. पुढे मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणांचे अभ्यास एकत्र तपासले. ज्या प्रकारचा सराव केला त्याच प्रकारच्या चाचणीत मुलं पुढे गेली होती. वाचन, गणित, एकूण बुद्धी यांवर मात्र भरवशाचा परिणाम दिसला नाही. २०२३ मध्ये खास एडीएचडीवरचे ३६ नियंत्रित अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हाही चित्र तेच राहिलं. स्मरणाच्या चाचण्यांत थोडी वाढ होती, पण ज्यांना कोणत्या मुलाला प्रशिक्षण दिलंय हे माहीत नव्हतं त्यांनी लक्षणं तपासली तर फरक फार छोटा होता.

ही शेवटची गोष्ट जरा उलगडून सांगते, कारण केंद्रात तुम्हाला दाखवले जाणारे अभिप्राय बहुतेक पालकांचे असतील. आईने पैसे भरलेत, दर शनिवारी बस पकडून मुलाला शहरात आणलंय, बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहिलीय. तिला सुधारणा दिसते, आणि ती खोटं बोलत नसते. त्या काळात ती मुलाकडे जास्त मायेने, जास्त बारकाईने पाहत असते, आणि त्यानेही मूल थोडं निवळतं. ते चांगलंच आहे, पण त्याचं श्रेय हेडसेटला द्यायचं की आईला, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून मी पालकांना सांगते, की खेळातले गुण पाहू नका आणि फक्त स्वतःच्या डोळ्यांवरही जाऊ नका. ज्या शिक्षकाला प्रशिक्षणाबद्दल काही माहीत नाही, तो आपणहून काय म्हणतो ते ऐका.

केंद्रवाले तुम्हाला कदाचित असंही सांगतील, की अमेरिकेत एडीएचडीच्या खेळाला सरकारी मान्यता आहे. हे खरं आहे. जून २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ‘एंडेव्हरआरएक्स’ नावाच्या खेळाला ८ ते १२ वयासाठी परवानगी दिली. पण तो टॅब्लेटवरचा खेळ आहे, त्यात हेडसेट नाही. ३४८ मुलांवर त्याची चाचणी झाली. लक्षाच्या संगणकीय चाचणीत त्या मुलांची प्रगती जास्त झाली, पण पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत तो खेळ तुलनेसाठी दिलेल्या साध्या खेळापेक्षा सरस ठरला नाही. तेव्हा एका खेळाची मान्यता दुसऱ्या केंद्रातल्या वेगळ्याच यंत्राला लागू होत नाही. व्हीआरवरचे स्वतंत्र अभ्यास आहेत आणि काहींचे निकाल उत्साह वाढवणारे आहेत, पण बहुतेक थोड्या मुलांवर, थोड्या आठवड्यांचे आहेत. एवढ्यावर शेतकऱ्याच्या घरातला हंगामाचा पैसा लावावा, असं मी म्हणणार नाही.

आपल्या भागापुरतं एक वेगळं सांगायला हवं. आपली मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी शिकतात, बसच्या पाटीवर आणि सरकारी कागदावर कन्नड वाचतात. मी पाहिलेल्या व्हीआर खेळांमध्ये सूचना इंग्रजीत असतात, आणि त्याही परक्या उच्चाराच्या. खेड्यातल्या चौथीच्या मुलाला “उजवीकडचा लाल गोळा सोडून बाकीचे पकड” हे इंग्रजीत सांगितलं आणि तो चुकला, तर लक्ष चुकलं की भाषा अडली? पहिल्या दिवशी कमी गुण येतात, सूचना सवयीच्या झाल्या की गुण वाढतात, आणि आलेखावर ती लक्षातली प्रगती म्हणून दिसते. निपाणीचं मूल असो, येळ्ळूरचं किंवा कारवारचं, त्याची चाचणी आणि सूचना त्याला घट्ट येणाऱ्या भाषेत हव्यात. याचीच दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मराठी शाळेतून एकदम इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात घातलेलं मूल पहिलं वर्षभर बेचैन, हरवलेलं दिसू शकतं. त्यालाही कधीकधी घाईने एडीएचडी म्हटलं जातं. तुमच्या मुलाचं माध्यम बदललेलं नाही, त्यामुळे ही शंका त्याच्याबाबत कमी आहे.

शरीराच्या बाजूने थोडं. मेटा कंपनीने आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठी किमान वय २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणलं, तेही पालकांच्या ताब्यातल्या खात्यावर. तुमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. क्वेस्ट २ चं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे आणि त्याच्या भिंगांमधलं अंतर ५८ मिलिमीटरपेक्षा कमी करता येत नाही. लहान मुलांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असू शकतं, मग चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. त्याला कधी फीट आली आहे का, तिरळेपणा आहे का, अर्धशिशी आहे का, हे कुणी विचारलं नसेल तर तुम्ही स्वतःहून सांगा. आणि गोव्याला जाताना चोर्ला घाटात त्याला गाडी लागते का? लागत असेल तर हेडसेटमध्येही मळमळण्याची शक्यता जास्त. एकच हेडसेट दिवसभर अनेक डोक्यांवर चढतो, म्हणून मधे पुसला जातो का, डोळे आलेल्या किंवा उवा झालेल्या मुलाला त्या दिवशी थांबवतात का, हेही बघा. पालकांना हे विचारायला संकोच वाटतो. विचारा.

मग आधी काय करायचं? कान आणि डोळे तपासून झाले आहेत का? झोपेत तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? टॉन्सिल वाढल्याने झोप मोडणारी मुलं दिवसा अगदी एडीएचडीसारखी वागतात. वर्गात मधेच काही सेकंद शून्यात बघत राहतो आणि हाक मारली तरी कळत नाही, असं होतं का? तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. वाचताना अक्षरं जुळत नाहीत का? एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता असणं पुष्कळदा दिसतं, आणि तसं असेल तर लक्ष सुधारूनही वाचन आपोआप सुधारत नाही, त्याला वेगळं शिकवावं लागतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्यासमोर हे बोला, म्हणजे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवण्याची सोय होते. धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था, जिला डिमहान्स म्हणतात, तीही तुम्हाला फार लांब नाही. खानापूरहून लोंढा-अळणावर मार्गे रेल्वेने जाता येतं.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. एक दोनशे पानी वही घ्या आणि गुरुजींना भेटा. तक्रार करायला नको, मदत मागायला जा. वहीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या, आणि त्या ‘नीट वाग’ अशा मोघम नकोत. उदाहरणार्थ: गणिताच्या तासाला पाच उदाहरणं पूर्ण केली. बोलण्याआधी हात वर केला. मधल्या सुट्टीनंतर घंटेबरोबर जागेवर आला. गुरुजींनी प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक एवढीच खूण करायची, त्यांना अर्धा मिनिटही लागणार नाही. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींकडून याहून जास्त मागणं बरोबर नाही. संध्याकाळी मूल घरात आलं, की दप्तर खाली ठेवायच्या आत वही बघायची आणि दोन बरोबरच्या खुणा असतील तर बक्षीस तिथल्या तिथे द्यायचं. पैसे नकोत, मोबाइलही नको. वडिलांबरोबर गाडीवरून नदीपर्यंत फेरी, मावशीला फोन, रात्रीच्या जेवणात त्याच्या आवडीचं काही, असं. रविवारी एकदम देऊ म्हणाल तर ते त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. पहिल्या आठवड्यात उद्दिष्ट मुद्दाम सोपं ठेवा, त्याला जिंकायची चव लागू द्या. आजवर या पोराने शाळेतून घरी फक्त तक्रारीच आणल्या आहेत. वहीतली पहिली बरोबरची खूण दाखवताना त्याचा चेहरा बघा, म्हणजे मी एवढं का सांगते ते कळेल.

घरच्या अभ्यासाचंही असंच. तासभर बसवू नका. दहा मिनिटं काम, मग उठून विहिरीवरून कळशी आणायची किंवा अंगणाला चार फेऱ्या मारायच्या, पुन्हा दहा मिनिटं. एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेल्या तीन कामांपैकी त्याच्या डोक्यात एखादंच राहतं. वर्गात त्याला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर बसवायला सांगा, आणि वह्या वाटणं, फळा पुसणं अशी उठायची कामं त्यालाच द्यायला सांगा. गावात तालीम असेल तर पाठवा. तालमीत वस्तादाचा शब्द, पाळी येईपर्यंत थांबणं आणि अंग दमवणं एका जागी मिळतं. खोखो, लगोरीतही मुलाला थांबावं लागतं आणि नियम धरावे लागतात. याने एडीएचडी बरा होतो असं मी म्हणत नाही, पण असा व्यायाम रोज होणाऱ्या मुलाचा संध्याकाळचा अभ्यास पुष्कळ घरांत सोपा झालेला मी पाहते.

औषधाबद्दल घरात बोलणं टाळू नका. ही गुंगीची गोळी नाही. मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन ही औषधं लक्षावरचा ताबा वाढवतात, आणि त्यांच्यामागचा पुरावा व्हीआरपेक्षा कितीतरी भक्कम आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलांना १४ महिने पाहिलं गेलं. मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा परिणाम नुसत्या वर्तन उपचारांपेक्षा जास्त होता. दोन्ही मिळून दिलेल्या मुलांना घरातलं वागणं, अभ्यास अशा काही बाबतींत आणखी फायदा दिसला. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब बघत राहावं लागतं. प्रत्येक मुलाला औषध लागतंच असं नाही. पण ‘औषध नको म्हणून व्हीआर’ ही अदलाबदल मला मान्य नाही, कारण त्या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला नवऱ्याला आणि सासऱ्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांच्या शंका त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, नंबरवर फोन करून बोलता येतं. ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, आणि रात्रीही चालू असते.

व्हीआरचा उपयोग मला कुठे पटतो तेही सांगते. जी गोष्ट प्रत्यक्षात शिकवणं धोक्याचं आहे, तिथे. एडीएचडी असलेली मुलं रस्ता ओलांडताना वाहनांमधल्या अंतराचा अंदाज चुकवतात, विचार व्हायच्या आधी पाय पुढे पडतो. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेच्या गावांतली मुलं रोज हे करतात. आभासी रस्त्यावर तीच चूक अनेकदा करून, थांबून, पुन्हा बघून शिकता येते, आणि कुणाला इजा होत नाही. तिथे सराव आणि प्रत्यक्ष काम जवळपास एकच असतं, म्हणून शिकलेलं बाहेर येण्याची शक्यता जास्त. पण त्यानंतरही बापाने हात धरून खऱ्या रस्त्याच्या कडेला उभं राहून तो सराव करून घ्यावा लागतोच.

वही तीन महिने चालवा. त्यानंतरही व्हीआर करावंसं वाटलं, मुलाने दहावं ओलांडलेलं असलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची हरकत नसली, तर केंद्रात जा आणि बोला. नेमकी कोणती क्षमता वाढवणार आणि ती वर्गात कशी दिसेल, हे त्यांना साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. हेडसेट उतरवल्यावर तीच युक्ती वहीवर, पुस्तकावर वापरायचा सराव तिथेच करून घेतात का, ते विचारा. जिथे हा सराव होत नाही, तिथे तुम्ही फक्त खेळाचे पैसे देता. सुरुवातीला १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ हेडसेट डोक्यावर नको. प्रशिक्षणाआधीचा महिना आणि नंतरचा महिना गुरुजींच्या वहीतल्या खुणा समोरासमोर ठेवून निर्णय घेऊ, हे त्यांना मान्य हवं. गुरुजींना मात्र प्रशिक्षण कधी सुरू झालं ते सांगू नका. एकरकमी फीचा आग्रह धरला तर उठून या. तयार झाले तर सहा बैठकांपुरतेच पैसे भरा, आणि पहिल्या बैठकीला बाहेरच्या बाकावर न बसता आत, मुलाच्या शेजारी बसा.